चार इंच उंच

१२ जुलै, शनिवार

पूल गेला. सकाळी कॉफीचा कप घेऊन व्हरांड्यात आलो तर ओढ्याच्या पलीकडचा रस्ता दिसत होता, अलीकडचा दिसत होता, आणि मधलं काहीच नव्हतं. रेल्वेच्या भंगारातल्या दोन तुळया टाकून मी आणि माझ्या मेहुण्यानं तो बांधला होता. त्या तुळया आता वाहत जाऊन शेजारच्या हॉबर्ट लिलीच्या कुंपणाला लागल्या असतील. म्हणजे त्याला माझ्याशी चांगलं वागायला आणखी एक निमित्त मिळालं.

दुपारी जिल्ह्याचा माणूस आला. पलीकडच्या काठावरूनच ओरडला, "पूल खाजगी आहे, काका. आम्ही फक्त सरकारी पूल बांधतो."

"मग पाणी काय खाजगी होतं?" मी विचारलं. तो हसला, फोटो काढला आणि गेला.

ड्रीमा घाबरली की भांडी घासते. आज तिनं घासलेलीच भांडी पुन्हा घासली. शेवटी म्हणाली, "अठरा ऑगस्टला शाळा उघडते. मी कशी जाऊ?" माझी बायको गावातल्या प्राथमिक शाळेत स्वयंपाकीण आहे. गेल्या हिवाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा शुद्धीवर आल्या आल्या तिनं डॉक्टरला विचारलं होतं, मोठ्या पातेल्यापाशी उभं कधी राहता येईल?

"मी आहे ना," म्हणालो. "रोज पोचवीन तुला."

"हॉबर्टच्या शेतातून सपाट वाट आहे."

"त्याचं नाव काढू नकोस."

तिनं पुन्हा तेच पातेलं घासायला घेतलं.

१५ जुलै, मंगळवार

पाणी उतरलं होतं, म्हणून पिकअप ओढ्यात घातली. पुरानं पात्रात असे धोंडे आणून टाकलेत की ओढा ओळखू येत नाही. पुढची चाकं निघाली, मागच्या ॲक्सलनं एका धोंड्यावर बैठक मारली. ना पुढे, ना मागे. अर्धा दिवस पहार घेऊन धोंडा उकरत होतो. निघालो तेव्हा सायलेन्सर ओढ्यातच राहिला. गावातून फिरताना लोक वळून वळून बघत होते, एवढा आवाज.

गाडी उंच करायला पाहिजे. दुसरा उपाय नाही.

२० जुलै, रविवार

चर्च चुकलं. ड्रीमा चांगले कपडे करून व्हरांड्यात बसली आणि एकटीच भजनं म्हणत राहिली. मला त्यात टोमणा ऐकू आला.

जेवताना तिनं पुन्हा हॉबर्टचा विषय काढलाच. आमचं घर दरीच्या टोकाला आहे. मागे डोंगर, दोन्ही बाजूंना डोंगर, समोर ओढा. मोकळी बाजू एकच, ती हॉबर्टच्या गवताच्या शेताची. शेत संपलं की त्याचं गेट, गेटापलीकडे त्याचा सिमेंटचा पूल आणि डांबरी रस्ता. ड्रीमा म्हणते, जाऊन विचार. विचारायला माझं काय जातं, असं तिला वाटतं.

काय जातं ते मला ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी जमिनीची मोजणी झाली तेव्हा माझी शेड चार फूट त्याच्या हद्दीत निघाली. तो भांडला असता तर मीही भांडलो असतो आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण तो म्हणाला, "राहू दे रे व्हर्लिन. मला कुठं लागतीये तेवढी जागा." मोजणीदारासमोर! मी दुसऱ्या दिवशी शेड पाडली. खाणीत उभी हयात गेली माझी, कुणाचा पाव डॉलर ठेवला नाही. त्याची दया घेऊन कुठं ठेवू?

आज कुंपण बघायला त्या बाजूला गेलो होतो. गेटला कुलूप नाही. साखळी नुसती खिळ्यावर अडकवून ठेवलीय. म्हातारा विसराळू होत चाललाय. एक दिवस चोर गुरं घेऊन जातील, मग कळेल.

२ ऑगस्ट, शनिवार

क्लोव्हिसच्या गॅरेजात गेलो होतो. त्याचं वय माझ्या निम्मं आणि जीभ माझ्या दुप्पट.

"काका, तीन प्रकार आहेत," तो म्हणाला. "पहिला स्वस्त. पुढच्या स्प्रिंगवर जाड चकती, मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांखाली ठोकळे. गाडी उंच होते, पण खड्डा आला की तुमचे दात मोजून घ्यावे लागतात. दुसरा मधला. नवे स्प्रिंग, नवे पाटे, लांब शॉकॲब्सॉर्बर. तिसरा असा, की गाडीखालचं सगळं नवं. त्यासाठी काकूंना विकावं लागेल."

"काकूला कोण घेतंय या वयात?"

"मी घेतो. तुम्ही द्या तर खरं. त्या मक्याच्या पावासाठी."

मग त्यानं खरी मेख सांगितली. सस्पेन्शन कितीही उंच केलं तरी वर जाते ती गाडी. ॲक्सल राहतो तिथंच, चाकाच्या मध्यावर. धोंड्याला लागतो तो ॲक्सल. तो वर घ्यायचा तर टायर मोठे पाहिजेत, आणि मोठे टायर मावायला गाडी उंच पाहिजे. म्हणजे दोन्ही घ्या. माझ्याकडे बाराशे डॉलर आहेत. बाराशेत दोन्ही होत नाही.

"मधला मार्ग काय?" मी विचारलं.

"मधला मार्ग म्हणजे ओढ्यात न जाणं," क्लोव्हिस म्हणाला. "हॉबर्टकाका परवाच विचारत होते तुमचं."

काय विचारत होता ते मी विचारलं नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

दिवसभर फोनवर लोकांचे व्हिडिओ बघितले. एकजण शपथेवर सांगतो की ठोकळे घालणं म्हणजे आत्महत्या. दुसरा ठोकळे घालून डोंगर चढून दाखवतो. जेवायला हाक मारलेली ऐकू आली नाही म्हणून ड्रीमानं बीन्सचं ताट माझ्या फोनवरच आणून ठेवलं.

११ ऑगस्ट, सोमवार

जमलं! दोन तालुके पलीकडच्या एका पोराचं लग्न ठरलंय. होणाऱ्या बायकोला उंच गाडी नको, म्हणून तो सगळं काढून विकतोय. स्प्रिंग, पाटे, शॉकॲब्सॉर्बर, चार इंचांचा पूर्ण सेट, वर जरा झिजलेले चार मोठे टायर. मी मनात म्हटलं, बायकोच्या सांगण्यावरून गाडी बुटकी करणारा नवरा, याचं पुढं काय होणार.

बसवायची मजुरी धरून बजेट थोडं ओलांडत होतं. क्लोव्हिस आणि मी बसून काय काय कमी करता येईल ते बघितलं. चाकांची रेषा जुळवणं, म्हणजे अलाइनमेंट, पुढं ढकललं. यादीत दारांखालच्या पायऱ्या होत्या, त्या काढून टाकल्या. पायऱ्या म्हणजे निव्वळ शोभा.

"काकू कशा चढणार?" क्लोव्हिस म्हणाला.

"ती काय म्हातारी आहे का?" मी म्हणालो.

१६ ऑगस्ट, शनिवार

काय देखणी दिसते! गॅरेजातून निघालो तेव्हा मी जमिनीवरचा माणूस राहिलो नव्हतो. लोकांच्या गाड्यांची टपं दिसतात. ओढ्यात घातली तर धोंडे खालून निघून गेले, एकदाही घासली नाही. गाडी जरा उजवीकडे ओढते, पण हात घट्ट ठेवले की सरळ जाते. पुराच्या दिवसापासून आज पहिल्यांदा नीट श्वास घेतल्यासारखं वाटलं.

ड्रीमा व्हरांड्यातून बघत होती. म्हणाली, "केवढी उंच आहे रे ही."

"चार इंच. टायरचे धरून जरा जास्त."

ती गाडीजवळ आली आणि दाराच्या कडेला हात लावून उभी राहिली. कडा तिच्या कमरेला लागत होती. खूश झाली असावी, बोलली नाही एवढंच.

१८ ऑगस्ट, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. ड्रीमा इस्त्रीचा ॲप्रन घालून पहाटेच तयार. आणि गाडीत चढेना. धड पाय उचलला की ऑपरेशनच्या गुडघ्यावर सगळा भार येतो, ऑपरेशनचा उचलायला जावं तर तो वाकतच नाही तेवढा. मी स्वयंपाकघरातला स्टूल आणला. स्टूल खडीवर डुगडुगला. मग मी मागून खांदा लावला.

"पोत्यासारखी ढकलू नकोस मला!"

"पोतं बोलत नाही," मी म्हणालो. हसवायला म्हणालो होतो.

पोचवली वेळेवर. उतरवताना मात्र लक्षात आलं की स्टूल घरीच राहिला. शाळेच्या दारात, बसमधून पोरं उतरत असताना, बसच्या ड्रायव्हरनं आणि मुख्याध्यापकांनी तिला दोन्ही काखांत धरून खाली घेतली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरंच ती. मीही हॉर्न वाजवला.

परत येताना ती पूर्ण वेळ दाराची कडी धरून बसली होती. उंचीची सवय व्हायला वेळ लागतो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

स्टूल आता गाडीतच ठेवतो. त्याच्या पायांना खाली रबर लावलं, दाराला आत धरायला एक पट्टा बसवला. एवढं कोण करतं बायकोसाठी? तरी ती पट्टा धरत नाही, माझा खांदा धरते, आणि बसल्यावर सोडते.

९ सप्टेंबर, मंगळवार

तीन दिवस पाऊस. ओढा गढूळ झाला की खालचे धोंडे दिसत नाहीत, अंदाजानं जावं लागतं. काल गाडी मध्येच उजवीकडे सरकली आणि पाणी दाराच्या फटीतून आत आलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण ड्रीमानं डोळे मिटले आणि दोन्ही हात समोर टेकून ती पुटपुटायला लागली. मी म्हणालो, "प्रार्थना कर, पण सरळ चाकासाठी कर." पलीकडे गेल्यावर तिनं डोळे उघडले. गाल ओले होते. पाणी उडालं असेल.

आज म्हणाली, जात नाही. शाळेच्या भटारखान्याच्या मुख्य बाईंचा फोन आला. ड्रीमा "हो, हो, समजलं," म्हणत राहिली. असेच खाडे झाले तर तिच्या जागी दुसरी बघणार आहेत. मी म्हणालो, "बघू देत. घरी बस आरामात. माझी पेन्शन आहे."

"मला पेन्शन नको आहे, व्हर्लिन. मला बाहेर जायचंय."

"मग मी काय दुसरं करतोय? तुला बाहेर न्यायलाच तर चाललंय हे सगळं."

तिनं घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी गाडी गरम करून हॉर्न वाजवला. आली नाही. घरात बघितलं तर नाही. ॲप्रन नाही, डबा नाही. व्हरांड्याच्या कोपऱ्यावरून बघितलं तर दूर शेतात तिचा पिवळा रेनकोट. काठी टेकत, सपाट वाटेनं, आरामात चालली होती. गेटाजवळ हॉबर्टची ती बुटकी लाल मोटार उभी.

मी हॉर्न वाजवत राहिलो. तिनं मागं बघितलं नाही.

संध्याकाळी त्याच वाटेनं आली. गालांवर रंग चढलेला. मी दारातच उभा होतो.

"त्याला विचारायला गेलीस?"

"विचारावं लागलंच नाही. साखळी जुलैपासून नुसती अडकवलेली आहे. पूल गेला त्या दिवसापासून."

"विसरला असेल कुलूप लावायला."

"व्हर्लिन," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. "तो माणूस रोज सकाळी येऊन बघतो, कुणी येतंय का."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'बस. पट्टा लाव.'"

"बस्स?"

"आणि सीट मागं सरकवून दिली. गुडघ्यासाठी."

"आपलीही सीट सरकते."

"सरकते की. पण तिच्यापर्यंत पोचायला शिडी लागते."

मी बाहेर येऊन गाडीत बसलो. गाडीत बसलं की बरं वाटतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

बोलणं बंद आहे. मी बंद केलंय. तिला अजून कळलेलं नाही बहुतेक, गुणगुणत असते.

४ ऑक्टोबर, शनिवार

ओढा उतरलाय म्हणून क्लोव्हिसकडे जाऊन चाकांची रेषा जुळवून आणली आणि पायऱ्याही बसवून घेतल्या. आता ती राणीसारखी चढेल. दाखवायला हाक मारली. ती आली, एक पाय पायरीवर ठेवून बघितला, म्हणाली, "छान केल्यास." आणि पाय खाली घेतला.

मग माझ्यासमोर बसून म्हणाली, "हॉबर्टनं निरोप दिलाय. पूल पुन्हा बांधण्यात पैसे घालू नका, म्हणतो. शेताच्या कडेनं कायमचा रस्ता काढू. खडी तो टाकेल, आपण हात लावायचा."

"भीक नको."

"भीक नाही रे. शेजार आहे."

"उद्या तो म्हणेल, राहू दे रे व्हर्लिन."

"म्हणू दे की! म्हणाला तर काय झिजतं?" आवाज चढला तिचा. तिचा आवाज असा कधी चढत नाही. "तू इथं अडकलायस, तर अडकून राहा. पण मला बरोबर कशाला बांधून ठेवतोस?"

मी अडकलोय? माझ्याकडे या दरीतली सगळ्यात उंच गाडी आहे. हे मी तिला म्हटलंसुद्धा. त्यावर ती उठून आत गेली.

११ ऑक्टोबर, शनिवार

ड्रीमा आठवडाभरासाठी गावात बहिणीकडे, नेड्राकडे, राहायला गेली. पुढचा आठवडा पावसाचा सांगितलाय, तिथून शाळा चालत जाण्याएवढी आहे. ठीकच आहे. हॉबर्टच्या लाल मोटारीत सामान मावेना. हिवाळ्याचा कोट घेतला, शिवणाचं मशीन घेतलं, बिडाचा तवासुद्धा घेतला. आठवड्याला तवा कशाला लागतो? बायकांचं सामान म्हणजे विचारायची सोय नाही.

मला तव्याशिवाय मक्याचा पाव करता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं नसेल.

१९ ऑक्टोबर, रविवार

आठवडा झाला. फोन केला. म्हटलं, पाणी अजून आहे, पण एकदोन दिवसांत आणायला येतो.

"ओढ्यातून नको येऊस," ती म्हणाली.

"मग?"

"शेतातून ये. गेट उघड, हॉबर्टला हात कर आणि ये. ज्या दिवशी तसा येशील त्या दिवशी मी सामानासकट घरी येते. मला दुसरं काही नको, व्हर्लिन. माफी नको, रस्ता नको. तू गेटातून आलेला मला बघायचाय."

मी म्हणालो, हे काय पोरांसारखं.

"असू दे पोरांसारखं," ती म्हणाली. "मी वाट बघते."

घर फार मोठं वाटतंय. दोन खोल्यांचं घर, पण आवाज घुमतो. मी दिवसभर रेडिओ चालू ठेवला, तरी घुमतो. ती नसली की मला करमत नाही. तिला हे सांगायला पाहिजे होतं फोनवर. हवामानाबद्दल बोलत राहिलो.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज निघालो. दाढी केली, गाडी धुतली, तिच्या बाजूची सीट पुसून मागं सरकवून ठेवली. ओढा दुथडी भरलेला, त्यात माझीही गाडी जाणार नाही. म्हणून शेताकडे वळवली. नुसतं गेटापर्यंत जाऊन बघू, असं स्वतःला म्हणालो, पण खरं सांगायचं तर मी जाणारच होतो. नेड्राकडे पोचल्यावर काय बोलायचं तेसुद्धा ठरवलं होतं.

गेटापाशी थांबलो. इंजिन चालू. उतरायचं, साखळी काढायची, गेट ढकलायचं. कुणाला काही विचारायचं नव्हतं. गाडीच्या उंचीवरून हॉबर्टचं घर स्वच्छ दिसतं. तो व्हरांड्यात बसला होता. त्यानं मला पाहिलं. तसा उठला, आत गेला, दार लावून घेतलं आणि खिडकीचा पडदासुद्धा ओढला.

बघा! एवढा भला माणूस म्हणतात सगळे, आणि शेजाऱ्याचं तोंड बघवत नाही. मी हात करायला स्टिअरिंगवरून हात उचललासुद्धा होता. तो बसून राहिला असता तर मी गेलो असतो. नक्की गेलो असतो. आता बंद दाराला हात करू? तिथंच गाडी वळवली. गवतात चाकांचे चर पडले, त्याला आता दिसतील ते.

घरी येऊन फोन केला. पहिल्याच घंटेला उचलला तिनं. "निघालास?"

"पाणी फार आहे, ड्रीमा."

"गेटाला पाणी नाही."

"गेलो होतो गेटापर्यंत. त्यानं दार लावून घेतलं."

"गेट लावलं?"

"नाही. घराचं दार. मला बघून आत गेला. पडदाही ओढला."

ती म्हणाली, "व्हर्लिन, तुला गेट उघडताना कुणी बघू नये म्हणून गेला रे तो आत." ती नेहमी त्याचीच बाजू घेते. शेवटी म्हणाली, "जेवून घे," आणि फोन ठेवला.

मग क्लोव्हिसला फोनवर विचारून घेतलं. आणखी दोन इंच निघतात म्हणाला, ठोकळे घालून. "पण काका, मग ती गाडी नाही, मचाण होईल," म्हणाला. म्हटलं, होऊ दे. एवढं पाणी पार करून एकदा तिच्या दारात जाऊन उभा राहिलो की तिला कळेल, मी तिच्यासाठी काय काय केलं ते. सोमवारी घेऊन या म्हणाला. तोवर ओढा उतरला पाहिजे, नाहीतर त्याच्याकडे जायलाही मला वाट नाही.